मंजुळाचा होकार

डोंबिवली पूर्व
१३ जून २०२४

ॲडेलिन मॅडम,

हे पाकीट गुणाजीच्या हाती पाठवतेय. आमच्या दवाखान्याची गाडी घेऊन तो दर गुरुवारी फायली पोचवायला तुमच्याकडे ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात येतोच. इंटर्नशिपला तुम्ही आम्हाला आठवड्याला एक पत्र हातानं लिहायला लावायचात आणि आम्ही मागून तुमची नक्कल करायचो, "पेशंटचं फोनवर बोलायचं नाही." आता कळतंय का ते. इथे फोनवर बोलायला जागाच नाहीये. इंजेक्शनच्या खोलीला प्लायवूड ठोकून जो कोपरा निघाला, तो म्हणजे मानसोपचार विभाग. पलीकडे पोर किंचाळलं की अलीकडे माझा पेशंट उठून उभा राहतो.

कंत्राट अकरा महिन्यांचं आहे. मला वाटलेलं, लोकांशी बोलायला मिळेल. एम.ए.ला दोन वर्षं तेच तर शिकलो. पण इथे मला सगळे ओळखतात ते बुधवारमुळे. बुधवारी दिव्यांग प्रमाणपत्रं. सकाळपासून जिन्यापर्यंत रांग, मी बुद्ध्यांक काढायचा, आकडा लिहायचा, डॉक्टर मान वर न करता सही करतात, पुढचा. वॉर्डातल्या मावशी मला 'आकडेवाली मॅडम' म्हणतात. तोंडावर.

काल मंजुळा आलेली, तेवीस वर्षांची, आईबरोबर. आई शेवंतीबाई चार घरी पोळ्या करतात. मंजुळा एमआयडीसीत डब्यांना लेबलं लावायची, हात हळू चालतो म्हणून काढून टाकलं. मुलगी गोड आहे. प्रत्येक उत्तर दिलं की विचारायची, "बरोबर का?" आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी तोंड मिटून बसलेले. चाचणीत बरोबर-चूक सांगायचं नाही, नियम आहे. तिला वाटलं मी रागावलेय.

बुद्ध्यांक त्र्याहत्तर आला. सत्तरच्या आत आला असता तर कागदावर पुरेसे टक्के पडले असते, पेन्शन सुरू झाली असती, प्रवासाची सवलत मिळाली असती. आता काहीच नाही. आईला हृदयाचा त्रास आहे. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती म्हणाली, "माझ्यामागं हिला कोण बघंल, तेवढं सांगा." भाऊ आहे एक, प्रीतम, तो बहिणीला घरात धरतच नाही.

मी निकाल अजून लिहिलेला नाही. पंधरा दिवसांनी बुधवारी या म्हटलं. तुम्ही काय केलं असतं?

तुमची,
संचिता

ठाणे, खोपट
२० जून २०२४

संचिता,

मी काय केले असते हे विचारू नकोस. मी काय करते ते तू सहा महिने माझ्या शेजारी बसून पाहिले आहेस. तेव्हा तू वहीत फुले काढत होतीस, त्याला माझा इलाज नाही.

चाचणी हा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे आईची मुलाखत. कागदावरचा आकडा दोन्ही मिळून ठरतो. मुलगी रोजचे काय काय करते, हे आईला विचारायचे. आई म्हणते, "गॅस पेटवते, पण मी जवळ लागते." "बाजारात जाते, पण सुट्टे पैसे मोजायला घोळ घालते." आईच्या बोलण्यात 'पण' असतोच. ज्या घरी पेन्शनची गरज नसते, तिथे 'पण'च्या आधीचे लिहावे. ज्या घरी असते, तिथे 'पण'च्या पुढचे लिहावे. आमच्या खात्यात याला बुधवारचा हात म्हणतात. माझ्या आधीच्या बाईंचा तो होता, त्यांच्या आधीच्यांचाही असावा. सरकारने रेघ सत्तरवर मारली आहे. देवाने माणसे रेघ पाहून घडवलेली नाहीत.

मी तुला काही सांगितलेले नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर तू स्वतःच शोधते आहेस, असे मी समजते.

आकडेवाली म्हणतात याचे वाईट वाटून घेऊ नकोस. मीही या खात्यात आले ती माणसांशी बोलायला. पहिल्या वर्षी एका विणकराशी रोज तासभर बोलत असे, त्याने विहिरीत उडी मारायचे सोडून दिले. त्याच्यानंतर इतक्या निवांतपणे कुणाशी बोलले, ते आता आठवत नाही. रांग वाढते, खुर्ची तीच राहते. एक दिवस लक्षात येते की समोरचा माणूस दारातून आत आला तेव्हाच आपण त्याचा आकडा मनात लिहून टाकला होता. तुला तो दिवस उशिरा येवो.

पावसाळी चपला घे. त्या प्लायवूडच्या कोपऱ्यात ओल येणार.

ॲडेलिन

डोंबिवली पूर्व
२७ जून २०२४

मॅडम,

'पण'च्या पुढचं लिहिलं. अडुसष्ट.

आधी पेन्सिलीनं लिहिलं, मग पेननं, खोटं कशाला सांगू. पण शेवंतीबाईंच्या हातात कागद दिला आणि त्यांनी तो कपाळाला लावला, तेव्हा वाटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाच्या उपयोगाला आले. मंजुळाला तिथेच विचारलं, तुला कळलं का काय झालं? ती म्हणाली, "पास झाले." आई हसली, मीही हसले. काल रात्री झोप लागली. तुम्ही काही सांगितलेलं नाहीत, तरीपण थँक यू.

तुमची,
संचिता

डोंबिवली पूर्व
९ जानेवारी २०२५

मॅडम,

मध्ये पत्र नाही, रागावू नका. कंत्राट पुढे सरकणार की नाही या काळजीत डिसेंबर गेला.

शेवंतीबाई दिवाळीच्या आत गेल्या. मला कळलंसुद्धा नव्हतं. गेल्या आठवड्यात मंजुळा एकटीच आली. रिक्षा करून, पत्ता नीट सांगून. साडी नेसलेली. म्हणाली, लग्न करायचंय.

मुलगा संदेश. पिठाच्या गिरणीवर कामाला आहे, आई आणि हा, भाड्याची खोली. दळण घेऊन जायची तेव्हाची ओळख. मी दोघांनाही वेगवेगळं बसवून बोलले, दोन दिवस, इंजेक्शनच्या रडारडीत. मंजुळाला नवरा म्हणजे काय ते कळतं, मूल कसं होतं ते कळतं, नको असेल तर नाही म्हणायचं तेही कळतं. मुद्दाम उलटसुलट विचारलं. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, "मॅडम, मला तो आवडतो. तुम्हाला एवढं काय कळत नाही त्यात?"

प्रीतमचा विरोध आहे. आईची खोली रीडेव्हलपमेंटला गेलीय, त्यात बहिणीचा वाटा आहे, आणि तिला नवरा आला की वाटा मागायला एक तोंड आलं. म्हणून वर्षानुवर्षं न दिसणारा भाऊ आता रोज उगवतो.

मला फार बरं वाटतंय मॅडम. चाचणीच्या टेबलावरून उठून कुणीतरी पहिल्यांदा माझ्याशी बोलायला परत आलं.

तुमची,
संचिता

ठाणे, खोपट
१६ जानेवारी २०२५

संचिता,

पेशंटच्या लग्नात कलवरी होऊ नकोस. तुला बरे वाटते आहे, ठीक. बरे वाटणे हा आपल्या धंद्यातला सर्वात महाग शौक आहे.

मी एप्रिलअखेर निवृत्त होते. जागा भरली जाणार नाही, असे कानावर आहे. मेलरॉय, म्हणजे माझा भाचा, विचारतो की मावशी, आता क्लिनिक काढणार का? मी त्याला म्हटले, इतकी वर्षे लोकांना खिडकीतून आकडा दिला, आता कुणी पैसे देऊन माझ्यासमोर बसले तर मी सवयीने ओरडेन, पुढचा.

त्या मुलीची फाईल पुन्हा उघडू नकोस. आणि तिच्या होकारावर तू काही लिहून देऊ नकोस. हे मात्र मी तुला सांगितले आहे.

ॲडेलिन

डोंबिवली पूर्व
६ मार्च २०२५

मॅडम,

संदेश तुरुंगात आहे.

दोघांनी कल्याणच्या एका देवळात हार घातले आणि संदेशच्या खोलीवर राहायला गेले. जेमतेम महिना झाला असेल. प्रीतमनं पोलिसांत तक्रार दिली की मतिमंद बहिणीला फूस लावून नेली आणि तिच्यावर बलात्कार केला. मंजुळानं पोलीस ठाण्यात सांगितलं, मी माझ्या मनानं आले, मी हो म्हटलेलं. तर साहेबांनी फाईलमधला कागद काढून तिच्यासमोर धरला. माझा कागद. अडुसष्ट. म्हणे हिचं 'हो' कायद्यात हो नाहीच. जिला कळतच नाही तिची संमती कसली?

मी धावत गेले. ओळख सांगितली, म्हटलं मी तिच्याशी दोन दिवस बोललेय, तिला सगळं कळतं. इन्स्पेक्टर चांगला माणूस आहे, चहा मागवला, आणि विचारलं, "मग मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?" चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पोरीला पेन्शन मिळावी म्हणून जो आकडा खाली आणला, त्यानंच तिचं तोंड बंद केलं.

मंजुळा भावाकडे जायला तयार नाही, म्हणून तिला महिलांच्या आधारगृहात ठेवलंय. जामीन नाकारला. पण कोर्टानं एक केलंय, तिची पुन्हा तपासणी करायला सांगितलंय. जिल्ह्याच्या मंडळाकडून. म्हणजे तुमच्याकडून, मॅडम.

मला तुमची मेहेरबानी नको. तुम्ही फक्त चाचणी घ्या आणि जे येईल ते लिहा. ती सत्तरच्या वर येणारच. मग तिचा शब्द ऐकावा लागेल, संदेश सुटेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, नोकरी गेली तर गेली.

संचिता

ठाणे, खोपट
१३ मार्च २०२५

संचिता,

मुलीला पोटभर खाऊन यायला सांग. उपाशी माणसाला साधी बेरीज येत नाही. ओढणी-बिढणी नको, हात मोकळे असू देत. तारीख कळली आहे.

तू स्वतः येऊ नकोस आणि मला भेटायचा प्रयत्न करू नकोस. बाकीचे माझ्यावर सोड. काय करायचे ते मला समजते.

ॲडेलिन

डोंबिवली पूर्व
२० मार्च २०२५

मॅडम,

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. 'माझ्यावर सोड' हे तीन आठवड्यांत मला कुणीच म्हणालेलं नाही.

संदेशच्या आईकडे गेलेले. त्यांना म्हटलं, आता काळजी करू नका, ज्या बाई तपासणार आहेत त्यांनीच मला शिकवलंय. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मंजुळालाही भेटून सांगितलं, बाई बोलणार नाहीत, हसणार नाहीत, पण चांगल्या आहेत, घाबरायचं नाही. तिनं विचारलं, "तुमच्यापेक्षा चांगल्या?" म्हटलं, हो गं.

तुमची,
संचिता

ठाणे, खोपट
१७ एप्रिल २०२५

संचिता,

अहवाल आज बंद पाकिटात गेला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे. सहासष्ट.

पोलीस बाई दाराशी बसली होती, मुलगी घाबरलेली होती, आधारगृहात झोप नाही. अशा स्थितीत गुण उतरतात, हे तुला पुस्तकातूनही माहीत आहे. तू विचारशील, खरे किती? कागदावर आहे ते खरे.

आता शांतपणे वाच. समजा मी चौऱ्याहत्तर लिहिले. वकील उभा राहून विचारेल, मग अडुसष्ट कुणी लिहिले? तुझे नाव निघेल. मग तुझ्या सगळ्या बुधवारांच्या फायली निघतील. तू कुणाकडे शिकलीस हे निघेल, आणि मग माझे बुधवार निघतील. कळव्याचा एक मुलगा आहे, सवलतीच्या पासावर विशेष शाळेत जातो, तिथे वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. तो सत्तरच्या दोन बोटे वर होता. दिवा स्टेशनजवळच्या दोघी बहिणी आहेत. मालन नावाची एक बाई आहे, तिला पेन्शन आहे म्हणून सून जेवायला वाढते. असे किती, ते मलाच माहीत नाही. एका मंजुळासाठी मी या सगळ्यांच्या ताटात हात घालू? ज्याचे पोट भरलेले असते त्याला खरे बोलणे परवडते. आपल्या रांगेत तसे कुणी नसते.

हो, माझी निवृत्ती तेरा दिवसांवर आहे. तेही आहे. ते नाही असे म्हटले तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून म्हणत नाही.

संदेशला कधीतरी जामीन मिळेल. तरुण आहे. माणसे सावरतात, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले.

संध्याकाळी चर्चला जायचे आहे. थांबते.

ॲडेलिन

डोंबिवली पूर्व
२४ एप्रिल २०२५

ॲडेलिन मॅडम,

मंजुळाला भेटून आलेय. तपासणी कशी झाली विचारलं. खूप खूश होती. म्हणाली, बाई खरंच बोलत नाहीत, हसत नाहीत. पण सगळं संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हुशार आहेस गं तू."

हे तुम्ही म्हणालात, मॅडम. ज्यांनी आम्हाला चाचणीत मान डोलवली म्हणून झापलेलं, त्या तुम्ही. तुमच्याकडे तिला खरे किती आले ते मला आता विचारायचंच नाही. हुशार म्हणालात आणि मग खोलीत जाऊन सहासष्ट लिहिलंत.

कळव्याच्या मुलाचं सांगू नका. मी त्याच्यासाठी भांडले असते. तुमच्याबरोबर रांगेत उभी राहून भांडले असते, की सत्तरची रेघ चुकीची आहे, पंचाहत्तरवाल्यालाही भूक लागते. इतकी वर्षं तुम्ही हे एकदाही कुणाला मोठ्यानं सांगितलं नाहीत. गुपचूप दया केलीत. आणि दया गुपचूप केली की ती कुणाची तरी मालकी होते. तुमची झाली. आता कुणावर करायची आणि कुणाला बुडवायचं ते तुम्हीच ठरवणार.

मला तुमचा फार राग आलाय. लिहिताना कागद फाटतोय एवढा.

मी वकिलांकडे जाऊन लिहून दिलंय की चाचणीत त्र्याहत्तर आलेले आणि मी जाणूनबुजून खाली आणले. तुमचं नाव घेतलेलं नाही. मला वाटलं, तुम्ही स्वतःहून घ्याल.

संचिता

ठाणे, खोपट
१० जुलै २०२५

संचिता,

गुणाजी आता माझ्याकडे यायचे कारण नाही, म्हणून टपालाने.

तुझी साक्ष झाल्याचे समजले. सरकारी वकिलाने तुला विचारले म्हणे, "तेव्हा खोटे लिहिलेत की आता खोटे बोलताय?" हा प्रश्न येणार हे मी तुला एप्रिलमध्येच सांगितले असते, पण तू सांगण्याच्या पलीकडे गेली होतीस. तुझे कंत्राट गेले. तुझ्यावर विश्वासही कुणी ठेवला नाही. म्हणजे तेल गेले, तूपही गेले.

चौकशीचे पत्र मलाही आले. मी लेखी उत्तर दिले की असा सल्ला मी कुणाही प्रशिक्षणार्थीला कधी दिलेला नाही. हे तुला माझ्याकडूनच कळावे.

साक्ष मानली नाही तरी खात्याने तुझ्या-माझ्या जुन्या फायली काढल्याच, आता सगळ्यांची फेरतपासणी आहे. कळव्याच्या मुलाची आई परवा घर शोधत आली. ती दारातच उभी राहिली. मी पाणी दिले. माझ्या जागेवर कुणी नाही, त्यामुळे फेरतपासणी कधी होणार ते कुणी सांगू शकत नाही, आणि तोवर त्यांचे सगळे थांबले आहे. तुला हवे होते ते खरे आता असे दारोदार फिरते आहे.

मी दिवसभर घरी असते. समोरच्या एसटी डेपोत गाड्यांच्या घोषणा होतात त्या ऐकते. माणसांशी बोलायला आता वेळच वेळ आहे. कुणी येत नाही.

संदेशला जामीन मिळाला असे ऐकले. बघ, मी म्हटले होते.

ॲडेलिन

डोंबिवली पूर्व
१२ ऑक्टोबर २०२५

ॲडेलिन मॅडम,

उत्तर देणार नव्हते. तीन महिने पत्र तसंच पडून होतं. आज लिहायला कारण झालं.

हो, जामीन मिळाला. अट अशी की खटला संपेपर्यंत मंजुळाला भेटायचं नाही, निरोप द्यायचा नाही. संदेश परत गिरणीवर लागलाय. मी गेलेले. पीठ झटकत बाहेर आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, आईनं शपथ घातलीय. तिचं नाव काढू नका." मला त्याचा रागसुद्धा येत नाही. तुरुंगात त्याला बलात्कारी म्हणून जे झालं ते तो कुणाला सांगणार नाही, आणि सांगायला यावं असं माणूस आपल्या खात्यात कुणी बसवलेलं नाही.

मी सध्या कल्याणच्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना परीक्षेची भीती घालवायला शिकवते. कळव्याच्या त्या मुलाच्या आईंना शोधून काढलं. त्यांचा अर्ज लिहून देते, रेघेच्या वरच्यांचे अर्ज एकत्र करतोय. तुम्हाला हसू येईल. येऊ दे.

आज मंजुळाला भेटायला आधारगृहात गेलेले. माझी वाट बघत दारातच बसलेली. मला आत ओढत नेलं, बाकावर बसवलं, स्वतः समोर ताठ बसली आणि म्हणाली, "आता घ्या परीक्षा."

मी म्हटलं, कसली? तर तिनं सुरू केलं. माझ्या चाचणीतले प्रश्न, तुमच्या चाचणीतले प्रश्न, जिथे जिथे अडकलेली ते सगळे, एकेक. तवा आणि कढई यांत सारखं काय. रस्त्यावर कुणाचं पाकीट सापडलं तर काय करायचं. सगळ्यांची उत्तरं, पाढ्यांसारखी, धडाधड. आधारगृहातल्या अधीक्षक बाईंना विचारलेली, स्वयंपाकीण बाईंना विचारलेली, पहाऱ्याच्या पोलीस बाईंनासुद्धा. सहा महिने ही पोरगी एकेक उत्तर गोळा करत बसलेली. ज्या मुलीला नवीन काही शिकता येत नाही असं आपण दोघींनी सही करून लिहून दिलंय, तिनं. शेवटी दम खाल्ला आणि म्हणाली, "आता सत्तरच्या वर आले ना? आता माझं हो चालेल? संदेशला सांगा, मी पास झाले."

संदेशचं मी तिला सांगितलं नाही. माझ्यानं झालं नाही. मी भेकडासारखी नियमाच्या मागे लपले. म्हटलं, मंजुळा, तीच चाचणी अशी पुन्हा घेता येत नाही. पाठ केलेली उत्तरं धरत नाहीत, आम्हाला तसंच शिकवलंय.

तिला वाईट वाटेल असं वाटलेलं. ती रडली नाही. समोरून उठून माझ्या शेजारी बसली, आणि हळूच, मला समजावून सांगितल्यासारखं विचारलं,

"म्हणजे मला येत नव्हतं तेव्हा मोजलंत, आणि आता येतंय तर मोजणार नाही?"

मॅडम, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा. या प्रश्नाला किती गुण द्यायचे, ते कळवा.

संचिता